वॉटसनचें हॉटेल : एका लोखंडी वास्तूची हकीकत

ज्युबिलीच्या अंकांत देवळाची, शाळेची व गांवांतील वडीलधाऱ्या माणसांची हकीकत यावी, हें रीतीस धरून आहे. तेव्हां मुंबईंतील एका हॉटेलाची हकीकत या पानांत कशास, असें कोणी विचारल्यास त्यांत नवल नाहीं. आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या वास्तूस पुष्कळ वर्षें लोटलीं तिचें पुढें काय करावें, हा प्रश्न ज्युबिली साजरी करणाऱ्या प्रत्येक मंडळीपुढें उभा असतो. आणि या प्रश्नाचीं सर्व अंगें एकाच ठिकाणीं पाहावयाचीं असल्यास काळा घोडा येथील वॉटसनच्या हॉटेलाइतकें बोलकें उदाहरण जवळपास सांपडणार नाहीं. 'एस्प्लनेड मॅन्शन' हें तिचें अलीकडचें नांव. कोर्टकचेरीच्या किंवा नोकरीच्या निमित्तानें आपल्यापैकीं पुष्कळ जण तिच्यावरून गेले असतील. परंतु गंजलेले सज्जे पाहून पाऊल उचलून चालण्यापलीकडे त्यांनीं तिची फारशी ओळख करून घेतली असेल, असें वाटत नाहीं. ती ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

तटाबाहेरची जागा

इंग्रजी अमदानीच्या आरंभीं मुंबई शहर म्हणजे कोट. कोटास तट होता, तटास अपोलो, चर्च व बाजार असे तीन मुख्य दरवाजे होते. त्यांपैकीं एकाचें नांव चर्चगेट स्टेशनाच्या रूपानें अजून आपल्या तोंडीं आहे. तटाबाहेर खंदक व खंदकापलीकडे विस्तीर्ण मोकळें मैदान होतें. यासच एस्प्लनेड म्हणत. हें मैदान मोकळें ठेवलें होतें तें शोभेसाठीं नव्हे. शत्रु चालून आल्यास तटावरील तोफांच्या माऱ्याआड कांहीं येऊं नये, एवढाच त्यांत हेतु होता.

या मैदानाशीं आपल्या समाजाचाही एक जुना संबंध आहे. पोर्तुगीज काळांत फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनीं आशेच्या मातेच्या नांवें बांधलेलें देऊळ याच भागांत होतें. अठराव्या शतकांत मैदान मोकळें करण्याच्या कामीं तें पाडण्यांत आलें व त्याच्या ऐवजीं भुलेश्वरास नवें देऊळ उभें राहिलें. क्रॉस मैदान हें नांव मात्र तेथील जुन्या क्रुसामुळें आजवर टिकून आहे. सांगावयाचें तात्पर्य हें कीं, या भूमीवर वास्तु उभी करणें आणि वास्तु पाडणें, या दोन्ही गोष्टी नव्या नाहींत.

पुढें तोफांचा काळ मागें पडला आणि कापसाचा काळ आला. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, त्यामुळें तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला व आपल्याकडील कापसास सोन्याचें मोल आलें. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. अशा वेळीं, १८६२ सालीं, सर बार्टल फ्रिअर हे मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले. त्यांच्या कारकीर्दींत कोटाचा तट पाडण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, खंदक बुजविण्यांत आले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीचे तुकडे लिलांवानें विकण्यांत येऊं लागले. इंग्लंडच्या कंबर्लंड प्रांतांतून येऊन मुंबईंत कापडाचा धंदा करणारे जॉन हडसन वॉटसन यांनीं १८६४ सालीं यांपैकीं एक मोक्याची जागा घेतली. येथें आपलें दुकान व कचेरी थाटावी, असा त्यांचा मूळचा बेत होता. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले व शेअरबाजाराच्या त्या प्रसिद्ध पडझडींत मुंबईंतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. वॉटसन मात्र आपल्या बेतापासून हटले नाहींत. दुकानाच्या जागीं हॉटेल बांधावयाचें ठरलें, आणि १८६७ सालीं काम सुरू झालें.

घराचीं हाडें

या घराचा नकाशा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज एंजिनियरानें केला. १८५१ सालीं लंडनांत लोखंड व कांच यांचा जो 'क्रिस्टल पॅलेस' उभारला गेला त्या कामांत ऑर्डिशचा हात होता. पुढें लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाचें, मध्यें एकही खांब नसलेलें, सुमारें २४० फूट रुंदीचें छत, रॉयल अल्बर्ट हॉलचा घुमट व थेम्स नदीवरील अल्बर्ट पूल या कामांशीं त्याचें नांव जोडलें गेलें. म्हणजे हा गृहस्थ मूळचा पुलांचा व छपरांचा कारागीर. पूल बांधणारा माणूस घर बांधूं लागला म्हणजे तें कशा प्रकारचें होईल, याचें उत्तर वॉटसनच्या हॉटेलांत मिळतें.

सर्वसाधारण जुन्या घराची भिंत दोन कामें करते. ती ऊनपाऊस बाहेर ठेवते आणि वरच्या मजल्यांचा भारही पेलते. म्हणूनच घर जितकें उंच, तितकी तळची भिंत जाड. आपल्या जुन्या देवळांच्या भिंती इतक्या रुंद कां, व त्यांच्या खिडक्या इतक्या खोल कां, याचें कारण हेंच. ऑर्डिशनें हीं दोन कामें एकमेकांपासून वेगळीं केलीं. भार पेलण्याचें काम त्यानें खांब व तुळया यांच्या लोखंडी सांगाड्याकडे दिलें. मधल्या विटांच्या भिंतींकडे आडोशाचें तेवढें काम राहिलें. मनुष्याच्या शरीरांत भार हाडें पेलतात, कातडी पेलीत नाहीं. त्याच न्यायानें हें घर उभें आहे.

खांब ओतीव लोखंडाचे आहेत. या लोखंडास आपले कारागीर बीड म्हणतात. तुळया घडीव लोखंडाच्या आहेत. हा भेद हौसेनें केलेला नाहीं. बीड दाबास फार चांगलें. त्यावर केवढाही भार उभा ठेवा, तें हूं कीं चूं करणार नाहीं. परंतु त्यास वांकवूं गेल्यास तें तडकन् तुटतें. तुळईवर भार पडला म्हणजे तिच्या खालच्या अंगास ताण बसतो. तेथें बीड उपयोगी नाहीं, घडीव लोखंडच पाहिजे. लोखंडाच्या दोन जातींचा स्वभाव ओळखून ज्यानें त्यानें आपापलें काम करावें, अशी ही मांडणी आहे.

हें सर्व लोखंडकाम इंग्लंडांतील डर्बी गांवच्या फीनिक्स फाउंड्रींत तयार झालें. खांब, तुळया, कठडे, सज्जांचे आधार, सर्व कांहीं तेथें ओतून व घडवून तुकड्यातुकड्यांनीं जहाजावर चढविण्यांत आलें. काम सुरू झालें तेव्हां सुएझचा कालवा खुला झाला नव्हता. तो १८६९ च्या नोव्हेंबरांत खुला झाला. तोंवर विलायतेच्या जड मालास आफ्रिकेस वळसा घालूनच मुंबई गांठावी लागे. येथें उतरल्यावर ते तुकडे बोल्टांनीं एकमेकांस जोडून घर उभें करण्यांत आलें. आधीं सांगाडा उभा राहिला आणि भिंती मागाहून आल्या. घर म्हणजे पायापासून चढत जाणारी भिंत, असें मानणाऱ्या मुंबईकरांस तो देखावा मोठा चमत्कारिक वाटला असला पाहिजे. तो उघडा सांगाडा पाहून त्यास पक्ष्याच्या पिंजऱ्याची उपमा देण्यांत आली होती.

घर पांच मजल्यांचें झालें. त्यांत सुमारें १३० निजण्याच्या खोल्या होत्या. मधोमध सुमारें १०० फूट लांब व ३० फूट रुंद असा चौक असून त्यावर कांचेचें छत होतें. याच चौकांत नाचाचे समारंभ होत. बाहेरच्या बाजूस प्रत्येक मजल्यावर एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत रुंद सज्जे होते. खोलींतून सज्जांत यावें, समुद्राकडचा वारा घ्यावा व समोरचें मैदान न्याहाळावें, अशी सोय होती. भिंतींवर भार नसल्यानें दारें मोठीं करतां आलीं आणि वारा घरांतून आरपार खेळूं लागला. आपल्या हवेस असें घर किती मानवतें, हें सांगावयास नको.

शेजारच्या इमारतींशीं ताडून पाहिल्यास या घराचें वेगळेपण चटकन् ध्यानांत येतें. जुनें सेक्रेटरिएट व विद्यापीठाचा पदवीदान सभागृह १८७४ सालीं आणि राजाबाई टॉवर व हायकोर्ट १८७८ सालीं पूर्ण झालें. हीं सर्व कामें दगडी आहेत. टोंकदार कमानी, कोरीव पानफुलें, मनोरे, यांनीं त्यांचें रूप युरोपांतील मध्ययुगीन मंदिरांच्या वळणावर नेलें आहे. त्या सर्वांच्या आधीं पूर्ण झालेलें हॉटेल मात्र मागें न पाहतां पुढें पाहणारें निघालें. मुंबईंत आज काँक्रीटचे किंवा पोलादाचे जे चाळीस चाळीस, साठ साठ मजले चढलेले दिसतात ते सर्व याच तत्त्वावर उभे आहेत. भार सांगाड्यावर, भिंत केवळ आडोसा. इंग्लंडांत शीअरनेस येथें आरमाराच्या बोटी ठेवण्याचें असें एक चार मजली लोखंडी कोठार १८६० सालीं झालें होतें. पण तें कोठार. माणसांनीं राहावें असें घर नव्हे. अमेरिकेंतील शिकागो शहरीं 'होम इन्शुरन्स' नांवाची जी इमारत गगनचुंबी घरांची आदिमाता समजतात ती १८८५ सालची, आणि १९३१ सालीं ती पाडण्यांत आली. वॉटसनचें हॉटेल तिच्याहून चौदा वर्षांनीं वडील. माणसांच्या वस्तीसाठीं संपूर्ण लोखंडी सांगाड्यावर बांधलेल्या व टिकून राहिलेल्या बहुमजली घरांत जगांतील अगदीं जुन्या घरांपैकीं हें एक आहे, असें बांधकामाच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणतात, तें यामुळेंच.

वैभवाचे दिवस

१८७१ च्या फेब्रुवारींत हॉटेल उघडलें व लवकरच मुंबईंतील पहिल्या प्रतीचें हॉटेल म्हणून गाजलें. येथें उतरणारे पाहुणे युरोपियन असत. भोजनगृहांत वाढावयास इंग्लंडांतून मुली आणिल्या होत्या. त्यावरून, वॉटसननें विलायतेहून सर्व कांहीं आणिलें, तेवढी तेथील हवा आणावयाची राहिली, असा विनोद त्या वेळीं प्रचलित होता.

टाटा शेटजींस या हॉटेलांत प्रवेश नाकारण्यांत आला व त्या रागानें त्यांनीं ताजमहाल हॉटेल बांधलें, अशी एक कथा घरोघर सांगतात. कथा चांगली आहे, परंतु इतिहासकार तीवर विश्वास ठेवीत नाहींत. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें आणि वॉटसनच्या वैभवास ओहोटी लागली, एवढें मात्र खरें.

त्या वैभवाच्या काळांतील १८९६ हें एकच साल या घरास इतिहासांत जागा मिळवून देण्यास पुरेसें आहे. त्या वर्षीं जानेवारींत प्रसिद्ध अमेरिकन लेखक मार्क ट्वेन हा मुंबईस आला व याच हॉटेलांत उतरला. आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें मुंबईच्या कावळ्यांचें मोठें मजेदार चित्र रेखाटलें आहे. सज्जाच्या कठड्यावर बसून, आंतील पाहुण्याच्या कपड्यांची, चेहऱ्याची व एकंदर लायकीची आपसांत चर्चा करणारे ते कावळे ज्यानें वाचले तो त्यांस विसरणार नाहीं.

परंतु त्याच पुस्तकांत दुसरा एक प्रसंग आहे, तो हंसण्यासारखा नाहीं. ट्वेन खोलींत आला तेव्हां त्याजबरोबर एक धिप्पाड जर्मन गृहस्थ व्यवस्था पाहावयास आला होता. सज्जांत उघडणाऱ्या कांचेच्या दाराचें कांहीं काम होतें. एक देशी चाकर गुडघे टेकून तें करीत होता. काम त्या गृहस्थाच्या मनास आलें नाहीं. काय चुकलें तें सांगण्याआधीं त्यानें चाकराच्या थोबाडींत मारली, आणि मग चूक सांगितली. चाकरानें तोंडांतून शब्द काढला नाहीं. त्याच्या चेहऱ्यावरही राग दिसला नाहीं. ट्वेन लिहितो कीं, असा प्रकार त्यानें पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. त्यामुळें त्यास आपलें बालपण आठवलें, आणि गुलामास आपली इच्छा समजावून सांगण्याची हीच तेव्हांची रीत होती, हें विसरलेलें सत्य त्याच्या डोळ्यांपुढें लख्खकन् उभें राहिलें.

त्या चाकराचें नांव ट्वेननें दिलेलें नाहीं. मुंबईंत त्यानें स्वतः जो पहिला चाकर ठेवला त्याचें नांव मात्र दिलें आहे, तें मॅन्युएल. हें नांव आपल्या कानांस परकें नाहीं. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांचे मुदपाकखाने, जेवणाचीं टेबलें व बँड हीं गोमंतकांतून आणि आसपासच्या गांवांतून आलेल्या माणसांच्या हातांवर चाललीं, हें आपल्यांतील जुन्या माणसांस ठाऊक आहे. म्हणून वॉटसनच्या हॉटेलाचा अभिमान बाळगतांना, तें कोणाच्या चैनीसाठीं बांधलें गेलें व कोणाच्या पाठीवर चाललें, हें विसरूं नये, असें आम्हांस वाटतें. वास्तूचें मोल मान्य करणें वेगळें आणि ती वास्तु वापरणाऱ्यांची घमेंड मान्य करणें वेगळें.

त्याच वर्षीं ७ जुलै रोजीं या हॉटेलांत एक अपूर्व खेळ झाला. फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंनीं हलत्या चित्रांचें यंत्र तयार करून २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें त्याचा पैसे घेऊन पहिला जाहीर खेळ केला होता. सुमारें सहा महिन्यांनीं त्यांचा प्रतिनिधि मारियस सेस्तिए हा ऑस्ट्रेलियास जातां जातां मुंबईंत थांबला व त्यानें वॉटसनच्या हॉटेलांत एक रुपया तिकीट लावून तीं चित्रें दाखविलीं. स्टेशनांत शिरणारी आगगाडी, कारखान्यांतून सुटणारे कामकरी, समुद्रस्नान, पाडली जाणारी एक भिंत, असे लहान लहान देखावे त्यांत होते. हिंदुस्थानांत सिनेमा पहिल्यानें दिसला तो याच घरांत. पुढें आठवड्याभरांत हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहांत सुरू झाले. तेथें चार आण्यांपासून तिकिटें असल्यानें सामान्य लोकांसही ते पाहतां आले. या खेळांनीं ज्यांस वेड लावलें त्यांत आपले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे होते. त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चित्रण केलें. पुढें दादासाहेब फाळके यांनीं ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून स्फूर्ति घेतली व १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला. या मोठ्या नदीचा उगम शोधीत गेल्यास आपण वॉटसनच्या हॉटेलापाशींच येऊन पोंचतों.

उतरती कळा

विसाव्या शतकांत हॉटेल बंद पडलें. इमारतीचे धनी बदलले, नांवेंही बदललीं. कांहीं काळ ती 'महेंद्र मॅन्शन' होती, मग 'एस्प्लनेड मॅन्शन' झाली. जेथें पाहुणे उतरत तेथें भाडेकरू आले. शेजारीं हायकोर्ट व सेशन्स कोर्ट असल्यामुळें वकिलांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या, तळमजल्यावर दुकानें लागलीं, वर कुटुंबें राहूं लागलीं. मोठ्या दालनांत लाकडी तक्ते ठोकून लहान लहान खोल्या करण्यांत आल्या. सज्जे बंद करून खोलींत घेतले गेले. मधला प्रशस्त चौक झांकोळून गेला. ज्या घराची सगळी खुबी मोकळ्या हवेंत, त्याचीच हवा कोंडण्यांत आली.

यांत कोणा एकाचा दोष काढणें न्यायाचें होणार नाहीं. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं जुन्या दरांवर गोठलीं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईंत गरीब भाडेकरूंस या कायद्यानें आधार दिला, हें निर्विवाद. परंतु वर्षें लोटलीं, चुन्याविटांचे, लोखंडाचे व मजुरीचे दर अनेक पटींनीं चढले आणि भाडें होतें तेथेंच राहिलें. मालक म्हणूं लागला, एवढ्याशा भाड्यांत दुरुस्ती कशी करूं? भाडेकरू म्हणूं लागला, घर मालकाचें, दुरुस्ती मीं कां करावी? सरकारनें १९६९ सालीं कायदा करून जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठीं मंडळ नेमलें व उपकर बसविला. परंतु मुंबईंत अशीं घरें हजारों, आणि एका मंडळाचे हात किती पुरणार? पुष्कळांचें घर तें कोणाचेंच घर नव्हे, अशी गत झाली.

लोखंडास मनुष्याप्रमाणें तक्रार करतां येत नाहीं. समुद्रकांठची खारी हवा त्यावर बसते. रंगाचा थर शाबूत आहे तोंवर ती बाहेर राहते. थर उडाला कीं गंज चढूं लागतो. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो व शेजारच्या विटा ढकलूं लागतो. विटांस भेगा पडतात. भेगांतून पावसाचें पाणी आंत शिरतें. त्या पाण्यानें आणखी गंज चढतो. त्यांत मोऱ्या व संडास हवे तेथें काढलेले, नळ गळणारे. असें हें चक्र वर्षानुवर्षें फिरत राहतें, आणि बाहेरून पाहणाऱ्यास एखादा डाग वाढला, एवढेंच दिसतें.

कागदावरचें संरक्षण

१९९५ सालीं मुंबईसाठीं वारसा-वास्तूंचे नियम करण्यांत आले. हिंदुस्थानांतील कोणत्याही शहरासाठीं झालेले असे हे पहिलेच नियम. त्यांत महत्त्वाच्या इमारतींची प्रतवारी लावून, वारसा समितीच्या संमतीवांचून त्यांच्या रूपांत फेरफार करतां येऊं नये, अशी तजवीज केली आहे. एस्प्लनेड मॅन्शन 'दोन-अ' या प्रतींत आहे. २००५ सालीं इटलीचे विख्यात वास्तुविशारद रेंझो पियानो यांच्या शिफारशीवरून न्यूयॉर्क येथील जागतिक स्मारक निधीनें जगांतील धोक्यांत असलेल्या शंभर स्मारकांच्या यादींत तिचें नांव घातलें.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत तिच्या पश्चिमेकडील दर्शनी भागाचा कांहीं अंश सज्जांसह खालीं कोसळला. एक माणूस मृत्युमुखीं पडला व सहा जण जखमी झाले. एकाच सालच्या या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या, असें आम्ही वाचकांस सुचवितों. यादीनें मान मिळाला. त्या मानानें एकही सज्जा तोलून धरला नाहीं. 'संरक्षित' हा शब्द आपण सहज उच्चारतों. पण त्याचा कायद्यांतील अर्थ 'पाडूं नये' एवढाच आहे. 'सांभाळावें' हा त्याचा दुसरा अर्धा भाग कोणावर बंधनकारक आहे, व त्याचा खर्च कोणीं सोसावा, हें जोंपर्यंत ठरत नाहीं तोंपर्यंत संरक्षण कागदावरच राहतें.

२०१८ सालीं मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहास युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. मैदानाभोवतींच्या त्या परिसरांतच ही इमारत येते. आणि पुढच्याच वर्षीं, २०१९ सालीं, म्हाडानें ती धोकादायक म्हणून रिकामी करविली. जेथें त्यांची उपजीविका होती त्या कचेऱ्या व दुकानें लोकांस सोडावीं लागलीं. प्रकरण हायकोर्टांत गेलें. आय. आय. टी. च्या तज्ज्ञांनीं तपासणी करून, इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असून ती पाडावी, असा अभिप्राय दिला. वास्तुजतनाच्या जाणकारांनीं उलट मत दिलें; त्यांच्या म्हणण्याप्रमाणें काम अवघड व खर्चाचें असलें तरी इमारत पूर्ववत् करतां येण्यासारखी होती.

आम्ही एंजिनियर नव्हों. तेव्हां या वादांत निकाल देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. माणसाचा जीव कोणत्याही सज्जाहून मोलाचा, याविषयीं दुमत असूं शकत नाहीं. ज्या घरानें एकाचा बळी घेतला त्याविषयीं बोलतांना भय वाटणाऱ्यांस कोणीं हंसूं नये. तथापि एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ऑर्डिशचें हें घर तुकड्यांचें बनविलेलें आहे. एकेक तुकडा ओतून, बोल्टानें जोडून तें उभें झालें. जें जोडून झालें त्यांतील बिघडलेला तुकडा आधार देऊन काढतां येतो, तसाच दुसरा करून बसवितां येतो. दगडी कमानीपेक्षां अशा सांगाड्याच्या बाबतींत हें अधिक शक्य असतें. ज्या युक्तीनें तें बांधलें गेलें, तीच युक्ति त्याच्या दुरुस्तीसही उपयोगी पडावी. उलटपक्षीं, त्याच जागीं उद्यां हुबेहूब दिसणारें नवें घर बांधलें, तरी तें त्याचें चित्र होईल, तें घर होणार नाहीं. कारण त्याची थोरवी दर्शनी नक्षींत नसून आंतल्या हाडांत आहे, आणि हाडें बदललीं म्हणजे सर्वच बदललें.

शाकारणी

आपल्या वडीलधाऱ्यांची एक रीत होती. वैशाख सरत आला कीं घरावर माणूस चढे. कौलें चाळलीं जात, फुटकीं काढून नवीं घातलीं जात, वांसा किडला असल्यास बदलला जात असे. यास घर शाकारणें म्हणत. या कामाचा समारंभ कोणी केला नाहीं कीं त्याची पाटी कोणीं लावली नाहीं. खर्चही फारसा येत नसे. पण एक वर्ष शाकारणी चुकली तर आढ्यास पाणी लागे, दोन वर्षें चुकली तर वांसे जात, आणि दहा वर्षें चुकली तर घरच जाई. हें प्रत्येकास ठाऊक होतें, म्हणून ती चुकत नसे.

वॉटसनच्या हॉटेलाची कथा आमच्या मतें एवढीच आहे. त्याचा नकाशा चुकला नव्हता, लोखंड खोटें नव्हतें, बांधणारे कसबी होते. त्यास युरोपांतील नामांकित एंजिनियर लाभला, जगप्रसिद्ध पाहुणा लाभला, सिनेमाचा पहिला खेळ लाभला, कायद्याचें संरक्षण लाभलें व जगाच्या याद्यांत नांव लाभलें. लाभली नाहीं ती दर वर्षींची शाकारणी. कारण ती कोणीं करावयाची, हें कधीं ठरलेंच नाहीं.

ज्युबिलीच्या वर्षीं आपण आपल्या जुन्या वास्तूंकडे कौतुकानें पाहतों, त्यांस रंग देतों, तोरणें बांधतों. तें करावेंच. पण रंग वाळला व तोरणें उतरलीं कीं, पुढच्या पावसाळ्यापूर्वीं छपरावर कोण चढणार, पन्हळी कोण साफ करणार व त्याचा खर्च कोठून निघणार, हेंही एका कागदावर लिहून ठेवावें. पुढच्या ज्युबिलीस जे जमतील त्यांस आपल्याविषयीं काय वाटेल, हें पुष्कळसें त्या कागदावर अवलंबून आहे.